पस्तीस आणि बाकी

सायलेशियात जानेवारीत उजाडायला आठ वाजतात.
त्याआधीच मी पट्ट्यावरच्या काट्याचा आकडा उतरवून घेते:
दोनशे मेगावॅटचा संच, रात्रभर पूर्ण भारावर,
ताशी त्र्याण्णव टन.
म्हणजे युनिटमागे चारशे पासष्ट ग्रॅम.
ओंजळभर कोळसा,
किंमत साडेअठरा ग्रोश.
तेवढ्यात कुणाच्या तरी घरी
आठवड्याच्या शर्टांना इस्त्री होते.

किलोला बावीस मेगाज्यूल, हा करारातला आकडा.
प्रयोगशाळेतली ब्रोनिस्लावा
नमुना नुसता बोटांत चुरडते
आणि भट्टीत घालायच्या आधीच सांगते,
'आज एकवीससुद्धा द्यायचा नाही बघ हा.'
बर्फ खाऊन आलेला कोळसा
निम्मा जीव स्वतःला वाळवण्यातच घालवतो,
आणि त्या पाण्याचेही आम्ही
टनाच्या भावाने पैसे मोजतो.

शंभरातले आठ धुराड्यातून जातात.
दोन राखेत, भिंतींच्या उबेत.
तीन आमचेच पंप, आमच्याच चक्क्या गिळतात;
आधी पोटोबा, हे यंत्रांनाही चुकलेलं नाही.
पस्तीस तारांवरून शहरात.
बाकी बावन्न.
बावन्न कंडेन्सरमधून थेट कालव्यात.

एकोणिसाव्या वर्षी, उमेदवारीत,
हा ताळा मी पहिल्यांदा मांडला
तेव्हा वाटलं हातचा विसरले.
तीनदा खोडून लिहिलं.
नेदोबेत्स्की साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
'बेरीज बरोबर आहे, गेर्ट्रूड.
वाफेची रीतच अशी आहे,
आणि तिथे तक्रारवही ठेवलेली नसते.'

माझे बावन्न कुठे जातात ते आखिम गाव्लिकला विचारा.
तीस वर्षं खाणीत, आता दीड फुप्फुसाचा धनी,
कालव्याच्या तोंडाशी रंगाचा डबा पालथा घालून बसतो.
सगळीकडे पाणी काचेसारखं थिजलेलं,
इथे मात्र वाफ निघत असते,
कार्प मासे लठ्ठ होतात,
दोन हंस दक्षिणेला जायचंच विसरलेत.
त्याला विचारा कार्यक्षमता काय असते.
तो गळ ओढेल, म्हणेल,
'आज दोन. काल एकही नाही.'

त्या शरदात आम्ही कंडेन्सरच्या नळ्या घासल्या.
अठरा दिवस, आतून शेवाळ, शिंपले, एक मुलाचा बूट.
निर्वात सुधारला,
पस्तीसचे पस्तीस पूर्णांक चार झाले.
ऐकायला काहीच नाही.
पण ताशी टनभर कोळसा वाचला,
दिवसाला दहा हजार झ्वोटी;
साहेबांनी केक आणला, खसखशीचा,
आणि माझं नाव फळ्यावर लागलं.

आठवड्याने आखिम म्हणाला,
'मासे रुसलेत. काय केलंत आत?'
मी म्हटलं, 'गळती कमी केली.'
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
'गळती,' म्हणाला. 'असं म्हणता होय तुम्ही हिला.'
थर्मामीटरला फरक जेमतेम दिसत होता.
त्याला मी तसं सांगितलंही.
माशांना मात्र कुणी सांगितलं नसावं.

मग पत्र आलं, संच बंद.
शेवटच्या महिन्याचा तक्ता मीच भरला:
कोळसा शून्य. निर्मिती शून्य.
दिवे आणि एक पंप तेवढे चालू होते,
त्यांची वीज आम्ही उलट शहराकडून घेतली.
कार्यक्षमतेच्या रकान्यात
शून्याला शून्याने भागायचं होतं.
यंत्राने नकार दिला. मी रेघ ओढली.

पुढच्या जानेवारीत, उणे अकरा असताना,
सवयीने कालव्यावर गेले.
पहिल्यांदाच काठापासून काठापर्यंत पांढरं.
हंस नव्हते.
आखिम होता. गिरमिटाने बर्फाला भोक पाडत होता,
मधेच थांबून खोकत होता,
आणि त्याच्याशेजारी दुसरा एक डबा
पालथा घालून ठेवलेला.

मी बसले.
'बर्फ किती जाड असेल?' विचारलं.
त्याने गिरमिट माझ्या हातात दिलं.
'मोज की. तुझंच काम आहे ते.'